दुसऱ्या डॉक्टरला न दाखवलेली फाईल

जळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्टचं पाकीट उघडायच्या आधीच पुढची तारीख लिहिली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाकीट टेबलावर तसंच पडलेलं, त्याची पिनही निघालेली नव्हती, आणि त्यांचं पेन चालू होतं: चार महिन्यांनी परत दुर्बीण. मग त्यांनी पिन काढली, कागद वाचला आणि म्हणाले, "परत बघावं लागेल, ताई."

दुर्बीण म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांचं भलं आहे. माझ्या मोठ्या आतड्याला नऊ वर्षांपासून आजार आहे. आतून सूज येते, बारीक जखमा होतात, रक्त पडतं, औषधाने थांबतं, परत कधीतरी येतं. तो मुळापासून जात नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. आतली स्थिती बघायला खालून नळी घालतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो, आणि तिच्यातूनच लॅबला पाठवायला आतड्याचे बारीक तुकडे घेतात. आदल्या दिवशी पावडरीचं पाणी लिटरच्या लिटर पिऊन पोट धुऊन काढायचं. हे सगळं माझं चार वेळा झालेलं होतं. पाचवी वेळ ते मागत होते.

"कशाला पण?" मी विचारलं. "मला आता काहीच त्रास नाही. रक्त नाही, कळ नाही. दोनदा जाते दिवसातून, माणसासारखी."

"एका जागी पेशींचा आकार जरा वेगळा दिसतोय. सुजेमुळे असेल. नसेलही."

"नसेलही म्हणजे?"

त्यांनी चष्मा काढला. "जुन्या सुजेत कधीकधी कॅन्सरच्या वाटेवरचे बदल सुरू होतात. तसं आहे असं मी म्हणत नाही. नाही असंही लिहिता येत नाही, असं लॅबने लिहिलंय. औषध वाढवतो, सूज उतरू दे, मग त्याच जागेचे परत तुकडे घेऊ."

"आणि तसं निघालं तर?"

"तर मोठं आतडं काढायचा विचार करावा लागतो."

एवढं सगळं ते ज्या आवाजात बोलले त्याच आवाजात त्यांनी बाहेरच्या बाईंना "पुढचा पेशंट" असं सांगितलं. मी बाहेर आले. बाकावर सात-आठ जण बसलेले. माझ्या शेजारच्या काकांच्या हातातल्या कागदावर मी तिरकं पाहिलं. त्यांनाही परत दुर्बीण. त्यांच्या पलीकडच्या बाईंनाही. नवीन इमारत, नवीन मशीन, आणि सगळ्यांनाच परत या. मला जे वाटायचं ते वाटलं.

मी धुळ्यात एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात लिपिक आहे. प्रवेशाची कागदपत्रं तपासणं हे माझं काम. खिडकीपाशी येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच वाक्य म्हणते, मूळ प्रत दाखवा. झेरॉक्सवर माझा विश्वास नाही, शिक्क्यावर तर नाहीच. खाडाखोड केलेला दाखला मी हातात घेतल्याबरोबर ओळखते. मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात माझ्या आधी कोणी दहावी ओलांडली नव्हती. कॉलेजला जायला मी गावातून सकाळची पहिली गाडी पकडायची आणि लोक माझ्या वडिलांना विचारायचे, पोरगी शिकून काय कलेक्टर होणार का. कलेक्टर झाले नाही, पण मला कोणी फसवून जाऊ शकत नाही एवढी झाले. हे मी अभिमानाने सांगते, आणि पुढचं सांगायचं तर हेही सांगावंच लागेल.

माझं माहेर रावेरच्या बाजूला आहे. थोडी केळी, बाकी कापूस. त्या दिवशी जळगावहून मी धुळ्याला न येता माहेरी गेले. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसले होते. मी सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्द मी गाळला. पण पाकिटाच्या आधी तारीख लिहिली हे मात्र दोनदा सांगितलं.

आबांनी नळी खाली ठेवली. "वाचलं नई अन् लिहिलं?"

"माझ्यासमोर."

"मंग त्याचं काय खरं धरतं तू?" ते म्हणाले. "दुसऱ्याले दाखव. पन कापसासारखं दाखव."

कापसासारखं म्हणजे काय, ते आमच्याकडे पोरासोरांना माहीत असतं. कापूस विकायचा झाला की आबा एकाच ढिगातून दोन फडक्यांत मूठ मूठ कापूस बांधायचे. एक फडकं एका जिनिंगवर, दुसरं दुसऱ्यावर. पहिला काय म्हणाला हे दुसऱ्यापाशी चुकूनही काढायचं नाही. काढलं की दुसरा स्वतःचं डोकं चालवत नाही, पहिल्याच्याच आकड्याला धरून वरखाली करतो. कधी तर दोघं एकमेकांना फोन लावून मोकळे होतात. म्हणून तोंड बंद ठेवायचं, फडकं उघडायचं आणि समोरच्याच्या बोटांकडे बघायचं. लहानपणी मी त्यांच्यासोबत जायची. मलाही ते खेळासारखं वाटायचं. व्यापारी विचारायचा, "आधी कोठी दाखवला का, आबा?" आणि आबा म्हणायचे, "नई बा, सिद्धा तुमच्याकडेच आलो." चेहऱ्यावरची रेष हलायची नाही.

"फाईल नेऊ नको," आबा म्हणाले. "नुसती जाय. पाह्य तो काय म्हनतो."

मला ते पटलं. शिकलेल्या बाईला पटलं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

धुळ्यात देवपूरला एक डॉक्टरीणबाई नव्याने आल्या होत्या, पोटाच्याच. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. फाईल मी कपाटात साड्यांखाली ठेवली आणि रिकाम्या हाताने गेले. बाई माझ्याहून लहान असतील. बोलणं शांत, पण प्रश्न फार. पोटात मधूनमधून कळ येते, एवढंच मी सांगितलं.

"किती दिवसांपासून?"

"पाच-सहा महिने झाले असतील."

"आधी कधी असं? रक्त वगैरे?"

"नाही."

"कुठे दाखवलंय?"

"नाही, सरळ तुमच्याकडेच आले."

आबांचाच आवाज माझ्या तोंडातून निघाला. माझ्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते.

त्यांनी रक्त बघितलं, शौचाची तपासणी केली, छोटी दुर्बीण घातली. छोटी म्हणजे फक्त शेवटच्या भागापुरती, पावडर न पिता होते ती. एक तुकडा घेतला. आठवड्याने बोलावलं. मी पुढे वाकून बसले. पाकीट त्यांनी माझ्यासमोर फोडलं, पूर्ण वाचलं, मग पेन उचललं. एवढ्यानेच मी त्यांना निम्मे मार्क देऊन टाकले.

"सूज आहे, पण सौम्य आहे. औषधाने जाईल," त्या म्हणाल्या.

"मोठी दुर्बीण करावी लागेल का? परत परत?"

"आत्ता घाई नाही. गरज वाटली तर पुढे बघू. ठरावीक काळाने परत परत करायची ती जुन्या पेशंटना. ज्यांना आठेक वर्षं झालीत त्यांना. तुमचं तर आत्ता सुरू झालंय."

मी हे वाक्य ऐकलं. बहिरी नाही मी. पण मी त्यातलं "घाई नाही" तेवढं घेतलं आणि उठले. पांझरेच्या पुलावर रिक्षात बसल्या बसल्या आबांना फोन लावला. "आबा, बाई म्हणतात घाई नाही."

"पाह्यलं?" आबा पलीकडून म्हणाले. "पाह्यलं का नई? तो जयगाववाला लुटून राह्यला लोकाले."

जळगावची तारीख आली आणि गेली. तिथून फोन आला, मी उचलला नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा उचलून सांगितलं, बघते, कळवते. बाकावरच्या त्या काकांची मला दया यायची. ते बिचारे गेले असतील परत.

असे दोन महिने गेले. एका रविवारी मी पुरी तळत होते आणि हे मागे डायनिंगवर पेपर घेऊन बसले होते. ह्यांना माझा सगळा आजार ठाऊक आहे, लग्नाआधीच सांगितला होता. देवपूरच्या बाईंचं मी ह्यांना सांगितलं होतं, पण थोडक्यात. हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "तू त्या बाईला किती वर्षं सांगितली गं?"

"काय किती वर्षं?"

"आजार किती वर्षांचा सांगितला?"

मी झारा तेलातच ठेवला. "सहा महिने."

पेपर खाली आला. हे धुळ्याचे, रागात आले की अहिराणीत जातात. "नऊ वरीसना आजार, नि तू सहा महिना सांगी ऊनी?"

"तिने स्वतः ओळखायला पाहिजे होतं. डॉक्टर आहे ना?"

"बठ्ठा डॉक्टर चोर शेतस, नि तू एकलीच शानी शे का?"

पुरी करपली. मी गॅस बंद केला आणि म्हणाले, "तुम्हाला काय कळतं त्यातलं." त्यांनी पेपर परत वर घेतला. तो त्या दिवशी बराच वेळ वर होता, पान उलटल्याचा आवाज काही आला नाही.

मी साड्यांखालून फाईल काढली. त्यातला तो रिपोर्ट इंग्रजीतला. मी इंग्रजी वाचते, पण दवाखान्याची इंग्रजी वेगळी असते. फोनवर एकेक शब्द टाकून अर्थ काढला. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं तेच लिहिलेलं होतं, कमी नाही, जास्त नाही. माझ्या खिडकीवर कोणी अर्धेच कागद घेऊन आलं असतं, तर मी त्याला रांगेबाहेर काढलं असतं. आणि मी काय केलं होतं? मी त्या बाईंना माझं आतडं दाखवलं आणि आतड्याचं वय लपवलं. कापसाच्या मुठीत सगळं दिसतं, ओलावा, कचरा, धागा. तो किती वर्षांचा आहे हे विचारावं लागत नाही, तो यंदाचाच असतो.

तरी लगेच गेले नाही. दहा-बारा दिवस गेले. बाईंसमोर खोटं उघडं पाडायचं म्हणजे मला माझ्याच खिडकीच्या त्या बाजूला उभं राहायचं होतं. आणि दुसरं असं की, जोवर तिसरा कोणी काही बोलत नाही तोवर मी बरी होते. दोनदा जात होते, माणसासारखी.

शेवटी गेले. फाईल टेबलावर ठेवली. म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला खरं सांगितलं नव्हतं."

बाईंनी फाईल पहिल्या पानापासून वाचली. पंख्याने पानं उडत होती, ती मी माझ्या बोटाने धरून ठेवली. शेवटच्या रिपोर्टवर त्या थांबल्या.

"हे कधीचं?"

"सहा-सात महिने झाले."

"यांनी परत कधी बोलावलं होतं?"

"चार महिन्यांनी."

"आणि तुम्ही माझ्याकडे येऊन सांगितलंत की आधी काही नव्हतं." त्यांचा आवाज चढला नाही. "का?"

मी कापसाचं सांगितलं. पाकीट न उघडता तारीख लिहिली, तेही सांगितलं. वाटलं होतं हसतील. हसल्या नाहीत.

"ते का लिहिलं हे मला माहीत नाही. त्यांना विचारा," त्या म्हणाल्या. "पण चार महिने हे जास्त नाहीत. मी कदाचित तीनच म्हटलं असतं. संशय घ्यायचा तर जरूर घ्या, तुमचा हक्क आहे. पण तो घ्यायची रीत आहे. लॅबमध्ये तुमचा तुकडा मेणात घालून ठेवलेला असतो, काचेच्या पट्ट्या असतात. त्या मागा. दुसऱ्या लॅबमध्ये वाचून घेऊ. आणि सोबत सगळी फाईल द्यायची. सगळी."

हे असं करता येतं हे मला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मी विचारलं नव्हतं.

मी जळगावला गेले. लॅबवाल्याने अर्ज लिहून घेतला आणि प्लास्टिकच्या छोट्या डबीत काचा आणि मेणाचा चौकोन दिला. काचेवर जांभळट गुलाबी ठिपके, तीळ सांडल्यासारखे. एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. पारोळ्यापर्यंत डबी मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "काय, दागिना शे का?" मी म्हणाले, "हो, माहेरचा." तिने पदर सारून जरा जागा करून दिली.

दुसऱ्या लॅबचं उत्तर आलं. त्यांनीही तेच लिहिलं. सुजेमुळे असेल, नसेलही, परत तुकडे घेऊन पाहावं.

म्हणजे दोन्हीकडे भाव एकच निघाला होता. आणि तो भाव म्हणजे माहीत नाही. मला खरं तर कोणी एकाने तरी खोटारडं ठरावं असं वाटत होतं. तसं झालं असतं तर पुढचं सोपं होतं.

राहिला प्रश्न, परत दुर्बीण करायची कुठे. देवपूरच्या बाई म्हणाल्या, "माझ्याकडेही होईल. पण ती जागा ज्यांनी आधी पाहिली आहे त्यांना ती सापडायला सोपं जाईल." ज्याच्यावर माझा विश्वास नव्हता त्यालाच माझं आतडं ओळखीचं होतं. मी दोन दिवस विचार केला आणि जळगावला फोन लावला.

डॉक्टरांच्या समोर बसल्यावर आधी तेच विचारलं. पाकीट न उघडता तारीख कशी लिहिलीत?

"कुठलं पाकीट?" मी दिवस सांगितला, वेळ सांगितली. "अशा रिपोर्टला लॅबवाले आधी फोन करतात," ते म्हणाले. "कळलं असेल मला आदल्या दिवशीच."

"असेल म्हणजे?"

"ताई, मला आठवत नाही. उगाच आठवतं म्हणू का?"

खरं असेल. नसेलही. मला ते उत्तर अजून पुरतं पटलेलं नाही. पण त्यांनी खोटं आठवून दाखवलं नाही, एवढं मी नोंदवलं.

पावडर पिऊन धुळ्याहून एसटीने येणं शक्य नव्हतं, म्हणून आदल्या दिवशी सकाळीच भरती झाले. आबा गावाहून आले. स्टुलावर बसून माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघत होते. खारट-लिंबट, कोमट, तेलकट. तिसऱ्या ग्लासाला मला उमळून आलं.

"किती पेवा लागते हे?"

"अजून इतकं."

"हे त म्हशीलेबी जास्त हाये व माय."

डॉक्टर फेरीला आले तेव्हा आबा उठून उभे राहिले. मला वाटलंच होतं की हे काहीतरी विचारणार. "डाक्टर साहेब, तुमच्या पोरीले असं असतं त तुम्ही हे तिचं करू दिलं असतं का?"

डॉक्टर हसले. "आबा, माझ्या पोरीने मला विचारलंच नसतं. ती मुंबईला जाऊन तीन जणांना दाखवून आली असती."

आबा माझ्याकडे वळले. "म्हनजे तुह्यासारखीच हाये."

मी भुलीचं इंजेक्शन नको म्हणून सांगितलं. मला बघायचं होतं. नर्स म्हणाली, दुखेल. मी म्हणाले, दुखू दे. दुखलं. वळणावर तर डोळ्यांपुढे पांढरं झालं, मी नर्सचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. पण पडदा माझ्या समोर होता. ओलं, गुलाबी, घड्यांवर घड्या. मला ते माझं वाटेना.

"ही ती जागा," डॉक्टर म्हणाले.

"कशावरून?"

त्यांनी बाजूला जुना फोटो लावला. "ही घडी बघा. आणि हा पांढरट व्रण." मी बघितलं. व्रण मला दोन्हीकडे दिसला. बाकी काही दिसलं नाही. दाखल्यावरची खाडाखोड मला लांबून दिसते. इथे मला कोणी बदललेला फोटो दाखवला असता तरी कळलं नसतं. ते त्या क्षणी मला फार स्पष्ट कळलं, पोटात कळ चालू असताना.

"सूज बरीच उतरलीय," ते म्हणाले. "तुकडे घेऊ ना?"

त्यांनी विचारलं. सही तर मी आधीच करून दिली होती, तरी विचारलं. नळी तशीच थांबली होती.

"घ्या," मी म्हणाले. "आजूबाजूचेही घ्या."

रिपोर्ट पंधरवड्याने आला. सूज आहे, बदल दिसत नाही. वर्षाने परत पाहावं. ह्यांनी पेढे आणले. आबांनी फोनवर विचारलं, "मंग आता झालं ना?" मी म्हणाले, झालं. पण त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना माझ्या मनात आलं की वाईट रिपोर्ट मी दोन लॅबमधून वाचून घेतला आणि चांगला एकाच लॅबचा धरून बसले. नुसतं गोड लागलं म्हणून. आठवडाभर ते डोक्यातून जाईना. मग परत जळगावला गेले, काचा आणल्या, पूर्ण फाईल जोडली आणि त्याच दुसऱ्या लॅबला दिली.

तिथेही बदल दिसत नाही असंच आलं.

वर्षाची मुदत आता जवळ आली आहे. जायचं की नाही ते त्या वेळी बघू, असं मी घरात सगळ्यांना सांगते. त्या दिवसांची रजा मात्र मी टाकून ठेवली आहे.